कॅम्पसवर कॅमेरे वाढले. तक्रार ऐकणारे किती?

केंद्र सरकारच्या विद्यार्थी-साहाय्य योजनांत सहभागी असलेल्या अमेरिकेतील प्रत्येक महाविद्यालयाला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत एक सुरक्षा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. मागील तीन वर्षांत आवारात किती बलात्कार, किती मारहाणी, किती घरफोड्या, पाठलागाचे किती प्रकार नोंदले गेले, हे त्यात तक्त्यांच्या रूपाने दिलेले असते. सनीव्हेलमधील मराठी घरांत नेमका हाच हंगाम कॉलेजच्या अर्जांचा. कोणत्या विद्यापीठात संगणकशास्त्राला प्रवेश मिळणे किती अवघड, शुल्क किती, नंतरच्या नोकऱ्यांचे काय, याचे एक्सेल तक्ते तयार असतात. सुरक्षेचा रकाना त्यात बहुधा नसतो. असलाच तर तो कॅम्पसच्या भेटीत डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींवरून भरलेला असतो : निळ्या दिव्याचे आपत्कालीन खांब, कार्ड लावल्याशिवाय न उघडणारी वसतिगृहाची दारे, रात्रीची शटल, फोनवरचे ॲप.

ही साधने निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. मात्र सनीव्हेल आणि त्याच्या आसपासच्या परिसराचा गेल्या चार दशकांचा अनुभव वेगळ्याच दिशेला बोट दाखवतो. या शहरात मोठे निवासी विद्यापीठ नाही. पूर्वीच्या ओनिझुका हवाई दल केंद्राच्या जागेवर २०१६ मध्ये सुरू झालेले फूटहिल कॉलेजचे केंद्र एवढीच काय ती त्याची ठळक शैक्षणिक वास्तू. पण स्टॅनफर्ड, सॅन होजे स्टेट, सांता क्लारा आणि डी अँझा या चारही संस्था मोटारीने सहज पोहोचण्याच्या अंतरावर आहेत. या पट्ट्यात आजवर जे अनर्थ घडले किंवा टळले, त्यांत यंत्रापेक्षा एका साध्या प्रश्नाचे उत्तर निर्णायक ठरले : धोका कोणाला आधी दिसला, आणि त्याने सांगितल्यावर पुढे काय झाले?

यातील पहिले प्रकरण विद्यापीठातील नाही, कचेरीतील आहे. तरीही आजच्या कॅम्पस कायद्यातील एक रकाना समजून घेण्यासाठी त्याकडे पाहावे लागते. १६ फेब्रुवारी १९८८ रोजी सनीव्हेलमधील ईएसएल या संरक्षण-इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत रिचर्ड फार्ली हा माजी कर्मचारी बंदुका घेऊन शिरला. त्याने सात जणांना ठार केले, चौघांना जखमी केले. तेथील एका तरुण अभियंतीचा तो सुमारे चार वर्षे पाठलाग करत होता. तिने कंपनीला सांगितले होते. कंपनीने त्याला १९८६ मध्ये कामावरून काढलेही होते. तिने न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता आणि त्यावरील पुढची सुनावणी दुसऱ्या दिवशी, १७ फेब्रुवारीला होती. तिने सांगण्यात काहीच कसूर केली नव्हती. कमतरता कायद्यात होती. पत्रे पाठवणे, घरापर्यंत मागे येणे, नव्या पत्त्याचा शोध घेणे हे सगळे एकत्र मिळून एक गुन्हा होतो, असे मानणारे कलमच तेव्हा नव्हते. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये अभिनेत्री रिबेका शेफर हिची हत्या झाली. अशा घटनांच्या पार्श्वभूमीवर कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये पाठलागविरोधी कायदा केला, अमेरिकेतील पहिला. भारतात पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरायला २०१३ साल उजाडले. आज भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात तो आहे. कॅम्पसच्या वार्षिक अहवालात पाठलाग, जोडीदाराकडून होणारी हिंसा आणि कौटुंबिक हिंसा यांचे रकाने आले तेही २०१३ च्या केंद्रीय दुरुस्तीनेच.

हा वार्षिक अहवाल सुरू झाला तोदेखील एका कुटुंबाच्या दुःखातून. पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठात ५ एप्रिल १९८६ रोजी जीन क्लेरी या विद्यार्थिनीवर वसतिगृहातील तिच्या खोलीत बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. गुन्हेगार त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. स्वयंचलित कुलपांची दारे कोणीतरी अडकण लावून उघडी ठेवली होती, त्यांतून तो आत आला. जीनला आधी न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात जायचे होते. तेथील एका विद्यार्थिनीचा खून झाल्याचे कळल्यावर आईवडिलांनी तो बेत सोडला आणि टेकडीवरचे, झाडीतले, शांत दिसणारे लीहाय निवडले. मुलीच्या मृत्यूनंतर त्यांना समजले की आधीच्या तीन वर्षांत त्या शांत आवारात ३८ हिंसक गुन्हे घडले होते आणि विद्यार्थ्यांना त्यांची कल्पना दिली गेली नव्हती. हॉवर्ड आणि कॉनी क्लेरी यांच्या पाठपुराव्यामुळे १९९० मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्याने विद्यापीठांना भिंती उंच करायला सांगितले नाही, पहारेकऱ्यांची संख्याही ठरवून दिली नाही. त्याने फक्त सांगण्याची सक्ती केली : आकडे जाहीर करा, गुन्ह्यांची नोंदवही लोकांसाठी खुली ठेवा, धोका चालू असेल तर वेळेत इशारा द्या.

सांगण्याची किंमत काय असते, हे क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजने २००१ मध्ये अनुभवले. २९ जानेवारीच्या दिवशी सॅन होजेतील एका औषध दुकानाच्या फोटो विभागात काम करणाऱ्या तरुणीच्या हाती धुऊन आलेले फोटो पडले. त्यांत एक मुलगा बंदुका आणि घरगुती बॉम्ब मांडून उभा होता. तिने पोलिसांना कळवले. फोटो घ्यायला आलेला एकोणीस वर्षांचा तो विद्यार्थी तिथेच पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी डी अँझाच्या उपाहारगृहात हल्ला करण्याचा त्याचा बेत होता, असे तपासात निघाले. कॉलेज रिकामे करून शोध घ्यावा लागला. पुढे तो दोषी ठरला. तिने ते फोटो पाकिटात घालून, पैसे घेऊन, गिऱ्हाईक मार्गी लावले असते तर कोणी तिला दोष दिला नसता. आता फोटो धुवायला कोणी दुकानात जात नाही. ते विद्यार्थ्यांच्या गटांत, गेमिंगच्या खोल्यांत, काही तासांत पुसल्या जाणाऱ्या संदेशांत फिरतात आणि ते आधी पाहणारा बहुधा दुसरा विद्यार्थीच असतो. त्याला कोणाकडे जायचे हे ठाऊक आहे का, आणि गेल्यावर आपल्याच मित्राचे आयुष्य उद्ध्वस्त होईल अशी भीती त्याला वाटते का, यावर आज बरेच अवलंबून आहे.

सॅन होजे स्टेटचे प्रकरण याच्या नेमके उलट आहे. तेथे सांगणारे अनेक होते, आणि ते वर्षानुवर्षे सांगत होते. २००९ मध्ये जलतरण संघातील १७ खेळाडू मुलींनी दुखापतींवर उपचार करणाऱ्या स्कॉट शॉ या ॲथलेटिक ट्रेनरविरुद्ध तक्रार केली. उपचाराच्या नावाखाली तो नको तिथे स्पर्श करतो, असे त्यांचे म्हणणे होते. संघाचे प्रशिक्षक सेज हॉपकिन्स यांनी ते वरिष्ठांपर्यंत पोहोचवले. विद्यापीठाने अंतर्गत चौकशी केली आणि ही उपचाराची मान्य पद्धत आहे, असा निष्कर्ष काढून २०१० मध्ये ट्रेनरला निर्दोष ठरवले. तो आणखी दहा वर्षे त्याच विद्यापीठात राहिला. हॉपकिन्स मात्र थांबले नाहीत. त्यांनी जवळपास ३०० पानांचे दफ्तर तयार करून ते क्रीडा संघटनांपर्यंत नेले. २०२० मध्ये वृत्तपत्रातून प्रकरण बाहेर आले, नवी चौकशी झाली आणि जुन्या तक्रारी खऱ्या ठरल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय न्याय खात्याशी झालेल्या समझोत्यात विद्यापीठाने पीडित खेळाडूंसाठी १६ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. तक्रार लावून धरणाऱ्या कर्मचाऱ्यांवर सूड उगवला गेला, असेही न्याय खात्याने नमूद केले. अध्यक्षा मेरी पापाझियन यांनी पद सोडले. ट्रेनरवरील पहिल्या खटल्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. नंतर त्याने गुन्हा कबूल केला आणि २०२३ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

या सर्व वर्षांत सॅन होजे स्टेटमध्ये पोलीस होते, आपत्कालीन फोन होते, वार्षिक अहवालही निघत होता. उणीव साधनांची नव्हती. सतरा मुलींनी एकच गोष्ट सांगितल्यावर चौकशी करणाऱ्याने स्वतःला कोणता प्रश्न विचारला, हा खरा मुद्दा आहे. ‘हे उपचार होते का’ असा प्रश्न विचारला गेला; ‘इतक्या जणींना एकाच माणसाबद्दल असे का वाटते’ हा प्रश्न मागे पडला. शिवाय चौकशी करणारी संस्था आणि बदनामीची झळ सोसणारी संस्था एकच होती. मराठी वाचकाला हे नवे नाही. गावाकडच्या शाळेपासून नामांकित संस्थेपर्यंत ‘संस्थेचे नाव खराब होईल’ हे वाक्य त्याने कधी ना कधी ऐकलेले असते.

म्हणूनच वार्षिक अहवालातील आकडे वाचण्याची रीत वेगळी असावी लागते. ज्या विद्यापीठाच्या तक्त्यात बलात्काराखाली शून्य लिहिले आहे ते सुरक्षित, आणि जेथे तीस लिहिले आहे ते धोकादायक, असा अर्थ लावणे हा सरळ हिशेब झाला, पण तो चुकतो. अमेरिकन विद्यापीठांच्या संघटनेने २०१९ मध्ये ३३ विद्यापीठांत केलेल्या पाहणीत पदवीच्या वर्गांतील सुमारे २६ टक्के विद्यार्थिनींनी प्रवेश घेतल्यापासून संमतीविना लैंगिक स्पर्श किंवा त्याहून गंभीर प्रकार अनुभवल्याचे सांगितले होते. त्या पाहणीत स्टॅनफर्डही होते. पाहणीची व्याख्या अहवालातील गुन्ह्यांपेक्षा व्यापक होती हे खरे. तरीही हजारो विद्यार्थ्यांच्या आवारात शून्य हा आकडा दिसला तर तेथे गुन्हे घडत नाहीत यापेक्षा तेथे कोणी सांगत नाही, हीच शक्यता अधिक. व्हर्जिनियातील लिबर्टी विद्यापीठाला मार्च २०२४ मध्ये या कायद्याखाली १ कोटी ४० लाख डॉलरचा विक्रमी दंड झाला. गुन्ह्यांची नोंद कमी दाखवणे हा त्यांतील एक ठपका होता. तक्रार केली तर दारू प्यायल्याबद्दल किंवा विवाहपूर्व संबंधांबद्दल आपल्यावरच शिस्तभंगाची कारवाई होईल, या धास्तीने तेथील विद्यार्थिनी गप्प राहत होत्या.

इशाऱ्याचा प्रश्न आणखी नाजूक आहे. व्हर्जिनिया टेकमध्ये १६ एप्रिल २००७ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. विद्यापीठाचा पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर काही मिनिटांतच हल्लेखोर दुसऱ्या इमारतीत शिरला. त्या दिवशी एकूण ३२ जणांचे प्राण गेले. त्यांत मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती, आणि मूळचे तमिळनाडूचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते. हल्लेखोराबद्दल प्राध्यापकांनी आधीच चिंता व्यक्त केली होती, २००५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यापुढेही त्याचे प्रकरण गेले होते. पण एका विभागाला जे ठाऊक होते ते दुसऱ्याला कळले नाही, आणि विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेच्या कायद्याचा चुकीचा अर्थ हे त्याचे एक कारण होते. इशाऱ्यातील दिरंगाईबद्दल विद्यापीठाने वाद घालत घालत अखेर ३२,५०० डॉलर दंड भरला, तोही २०१४ मध्ये. व्हर्जिनियाने त्यानंतर सार्वजनिक विद्यापीठांत धोक्याचे मूल्यमापन करणारी पथके सक्तीची केली. प्राध्यापक, पोलीस, समुपदेशक, वसतिगृहाचे अधिकारी एका टेबलाशी बसतात आणि एखाद्या विद्यार्थ्याविषयीचे विखुरलेले तुकडे जोडून पाहतात, अशी ती व्यवस्था. ऐकणाऱ्याची जागा कागदोपत्री निश्चित करणारा हा उपाय कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त आहे.

त्यालाही दुसरी बाजू आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, सत्र सुरू होताना, गोळीबार झाल्याचे खोटे फोन अनेक विद्यापीठांत आले. विद्यार्थी वर्गांत दडून बसले, सशस्त्र पोलीस धावले, आणि काहीच निघाले नाही. चार वेळा खोटा इशारा आला की पाचव्या वेळी फोन कोण उघडून पाहणार? आणि ‘वेगळा वाटणारा विद्यार्थी’ हा निकष सैल हातांत पडला तर अबोल, उच्चार वेगळा असलेले, एकटे राहणारे परदेशी विद्यार्थीच आधी संशयाच्या फेऱ्यात येतात. पथकाने वागणूक पाहायची असते. स्वभाव किंवा चेहरा नव्हे.

गोपनीयतेच्या या कायद्याने सनीव्हेलमधील अनेक पालक अचंबित होतात. मूल अठरा वर्षांचे झाले, किंवा त्याने कॉलेजात पाऊल टाकले, की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो. फी भरणाऱ्या आईवडिलांचा नव्हे. मात्र जीविताला धोका असेल तर विद्यापीठ पालकांना माहिती देऊ शकते, आणि मूल करविवरणात अवलंबित असेल तरीही देऊ शकते. ‘देऊ शकते’, ‘दिलीच पाहिजे’ असे नाही. प्रवेशाच्या वेळीच मुलाशी बोलून संमतीचा फॉर्म भरून ठेवणारी घरे थोडी. तो विषय काढणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे दोन्ही बाजूंना वाटते.

आणि मग हद्दीचा प्रश्न येतो. पोलीस ठाण्यात ‘ही आमची हद्द नाही’ हे ऐकून परतलेला माणूस महाराष्ट्रात शोधावा लागत नाही. अमेरिकन सुरक्षा अहवालालाही हद्द आहे : आवार, विद्यापीठाच्या मालकीच्या किंवा ताब्यातील इतर जागा, आणि आवाराला लागून असलेले सार्वजनिक रस्ते व फूटपाथ. पुणे, नाशिक, नागपूरहून पदव्युत्तर शिक्षणासाठी सॅन होजे स्टेटला आलेला विद्यार्थी बहुधा या हद्दीबाहेर राहतो. चौघे मिळून एक अपार्टमेंट, कधी सॅन होजेत, कधी सांता क्लारात, कधी सनीव्हेलमध्ये. रात्रीची लाइट रेल, शेवटच्या थांब्यापासूनची चाल. घरमालकाने केलेला छळ, खोलीतील जोडीदाराची मारहाण, रस्त्यावर लुबाडणूक झाली तर ती विद्यापीठाच्या तक्त्यात येत नाही. सनीव्हेलमध्ये ती शहराच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याकडे जाते. १९५० पासून पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय तातडी ही तिन्ही कामे येथे एकाच खात्याचे अधिकारी करतात. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला हे कोणी सांगितलेले नसते.

त्याच्या गप्प राहण्याला एप्रिल २०२५ नंतर आणखी एक कारण मिळाले. त्या महिन्यात देशभर हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या स्थलांतरविषयक नोंदी अचानक रद्द झाल्या. अनेकांना पोलिसांशी आलेला किरकोळ संबंधही नडला, असे न्यायालयांपुढे आले; महिनाअखेर सरकारने नोंदी पूर्ववत केल्या. नोंदी परत आल्या, पण धडा राहिला : पोलिसांच्या संगणकात नाव जाऊ द्यायचे नाही. गुन्ह्याचा बळी म्हणून नाव जाणे आणि आरोपी म्हणून जाणे यांत कायदा फरक करतो; व्हिसाच्या शिक्क्यावर सारे आयुष्य टांगलेला बावीस वर्षांचा मुलगा तो फरक करायला धजत नाही. गुन्ह्याने पीडित झालेल्यांसाठी ‘यू’ व्हिसाची तरतूद आहे, हेही त्याला ठाऊक नसते. या परिसरातील मराठी मंडळांकडे गणेशोत्सवाच्या स्वयंसेवकांची यादी असते. सांता क्लारा काउंटीत पीडितांना मदत करणाऱ्या कार्यालयाचा क्रमांकही त्याच यादीत असायला हरकत नाही.

मायदेशी सुरक्षेचा विचार अजून भिंतीभोवती फिरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत सहज ओलांडता न येणारी कुंपणभिंत, त्यावर काटेरी तार, सीसीटीव्ही, ओळखपत्रांची तपासणी यांना ठळक स्थान होते. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात विदर्भातून शिकायला आलेल्या विद्यार्थिनीचा खून झाला तेव्हा संशयित निघाला तो तिथलाच सुरक्षारक्षक. त्याचा मृतदेह त्याच दिवशी रेल्वे रुळांवर सापडला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात शिकाऊ डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून केल्याबद्दल शिक्षा झालेला माणूस पोलिसांचा नागरी स्वयंसेवक होता. दोन्ही घटनांत धोका कुंपणाच्या आत, गणवेशाच्या जवळ होता. भारतात कोणत्या वसतिगृहातून वर्षभरात किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले, हे प्रवेश घेणाऱ्या मुलीच्या आईला एका ठिकाणी वाचता येईल असा सक्तीचा अहवाल नाही.

रॅगिंगच्या बाबतीत महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे. रॅगिंगला गुन्हा ठरवणारा राज्याचा कायदा १९९९ चा. अमेरिकेत छळवणुकीच्या या प्रथेची आकडेवारी विद्यापीठांच्या वार्षिक अहवालात घालण्याची सक्ती डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने आली. जीन क्लेरीच्या नावाने ओळखला जाणारा मूळ कायदा त्याने दुरुस्त केला, आणि हे आकडे २०२६ च्या ऑक्टोबरमधील अहवालात प्रथम दिसतील. पण कायदा असूनही मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, जळगावच्या आदिवासी कुटुंबातील डॉ. पायल तडवी यांनी छळाला कंटाळून जीव दिला. वरिष्ठांकडे आधीच तक्रार केली होती, असे त्यांच्या आईने सांगितले. ती आई, आबेदा तडवी, आणि हैदराबादच्या रोहित वेमुला यांच्या आई राधिका वेमुला यांनी मिळून त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्या याचिकेवर विद्यापीठ अनुदान आयोगाला विचारले : जातीय भेदभावाच्या किती तक्रारी संस्थांकडे आल्या, आणि त्यांवर काय कारवाई झाली, याचे आकडे सादर करा.